बोटं दिसू देऊ नको

मलकापुरात कापडाच्या दुकानात मी कामाला होते. लग्नसराई होती. मोठ्या जमीनदार घरातली एक बाई मुलीचा बस्ता घ्यायला आली. मी शालू उलगडला आणि तिची नजर माझ्या बोटांवर अडली. पांढरे डाग. कोड.

माझ्याशी ती बोललीच नाही. मालकाला म्हणाली, "लग्नाचं कापड हाये. या पोरीचा हात लागलेलं मले नको."

मालकाने शालू उचलून आत फेकला. भरल्या दुकानात मला म्हणाला, "उद्यापासून हातमोजे घालून ये. बोटं दिसू देऊ नको."

घातले. आमच्याकडचा उन्हाळा, आत बोटं उकडून सोलवटायची. वडील नव्हते. काम सोडून जाणार कुठे?

एका संध्याकाळी घरी आईला पाण्याचा तांब्या दिला. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"मोजे काऊन नाही काढले व?"

माझ्या लक्षातच नव्हतं.

"माह्यापासून बी लपवतं काय?"

रात्रभर तेच कानात.

सकाळी उघड्या हातांनी दुकानात गेले. मालक म्हणाला, "मोजे घाल, नाही तं घरी जाय."

"जातो," म्हटलं. दुसरं काम हाताशी नव्हतं. तरी गेले.

आईसोबत शेवया करायला घेतल्या. घरोघरी विकायला गेले की लोक दारावरूनच परत पाठवत. माझ्या हातचं कोण खाणार? शेजारी शिवणकाम करणाऱ्या एका मुसलमान चाचीने ईदच्या शिरखुर्म्यासाठी पहिल्यांदा घेतल्या. मग चार घरी सांगितलं.

आज माझा शेवयांचा कारखाना आहे. डाग गालावर आलेत. पॅकिंगला स्टोव्हच्या भडक्यात चेहरा भाजलेली एक बाई बसते.

गेल्या महिन्यात पुण्याहून मोठ्या दुकानांचा खरेदीदार आला. माल त्याला आवडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जाहिरातीत तुम्ही नको. आणि आमचे लोक बघायला येतील तेव्हा त्या बाईंना सुट्टी द्या. खाण्याची वस्तू आहे, समजून घ्या."

त्या बाईने ऐकलं. पदर तोंडावर ओढला.

"पदर खाली घ्या, बाई," मी म्हणाले. मग त्याला म्हटलं, "या इथंच बसतील. तुम्ही निघा."

ऑर्डर हातची गेली. कामावरच्या एकीने विचारलं, "ताई, आता काम कमी पडीन का?"

"पडीन."

खोटं कशाला बोलू? पण धंदा कशासाठी करते, ते त्या दिवशी मला स्वच्छ कळलं. जिला कोणी समोर बसू देत नाही, ती माझ्याकडे समोर बसेल. कारखाना लहान राहिला तर राहो. माणूस लपवून मी माल विकणार नाही.