जोनच्या गोधडीतला पिचर

ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. भिंतीवरची ती फ्रेम नितीन रोज बघतो, पाहुण्यांना हौसेने दाखवतो — आणि तरी त्याला माहीत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही इथे परदेशात, आमच्या पापाकुऱ्यात राहत नाही. आणि आधीच बजावते, डोळे पुसणारी बाई बघायची असेल तर दुसरीकडे जा. मी रडणार नाहीये.

तर — फ्रेम. तिच्यात रेशमाचे नऊ तुकडे आहेत, पत्त्याएवढे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून असे तुकडे मिळायचे, वर बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रं छापलेली. पुरुष सिगारेटी फुंकायचे, बायका तुकडे जमवून उशा नि गोधड्या शिवायच्या. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात एकदा असा तुकडा हाताला लागला आणि संपलंच! आई लोकांच्या गोधड्या शिवायची. चिंध्यांच्या गाठोड्यावर लोळत वाढलेय मी, रेशीम बोटांना कळतं मला. दिवसभर ईस्ट टामाकीच्या वेअरहाऊसमध्ये खोकी स्कॅन करायची आणि घरी येऊन हे शोधत बसायचं. नितीन म्हणायचा, लोक सोनं जमवतात, आमची ही बिडीवाल्यांची फडकी जमवते. म्हणू दे. आठ जमले. अख्खा संघ व्हायला फक्त पिचर राहिला — म्हणजे आपला बोलर. तो काही केल्या मिळेना.

आणि सापडला कुठे, तर कुंपणापलीकडे.

जोन आमची शेजारीण. ऐंशी पार केलेली, नजर जवळजवळ गेलेली. फेजोआच्या दिवसांत बादली भरून फळं आणून द्यायची, वर माझीच विचारपूस. तिची आजी लग्न होऊन अमेरिकेतून इकडे आली, ती असल्या तुकड्यांची गोधडी घेऊनच. बहुतेक तुकडे फुलांचे नि झेंड्यांचे. आणि एका कोपऱ्यात पिचर. त्याच्या टोपीवर आजीने लाल दोऱ्याची गाठ मारली होती. त्या गाठीवर अंगठा फिरवत जोन झोपायची. लहानपणी, आणि अजूनही.

गोधडी विरली होती. टाऊनमधली शिवणारी बाई म्हणाली, खराब तुकडे काढून नवे लावू. जोनने गोधडी तशीच परत आणली. तेव्हा मीच शहाणी बोलून गेले — आमच्याकडे जुनं कापड काढत नाहीत, त्याच्यावरच नवं शिवतात, जुनं आत राहतं. आईचा नियमच होता तो. आजीचं लुगडं, त्यावर आईचं, त्यावर आणखी कुणाचं. जोनचा चेहरा असा उजळला! तिथल्या तिथे गोधडी माझ्या हातात दिली. कळतंय ना? त्या नियमाच्या भरवशावर दिली.

फुलं विरली होती, झेंडे विरले होते. त्यांच्यावर मी आईच्या रेशमी साडीचे तुकडे शिवले, अगदी नियमाप्रमाणे. पिचर मात्र धडधाकट होता. कडेला जरा उसवला होता, एवढंच.

तिच्याकडे सरळ मागायचा होता, म्हणता? तिने दिला नसता. आणि एकदा नाही म्हणाली असती, की तो कायमचा गेला असता. म्हणून विचारलंच नाही. एकेक टाका उसवून पिचर काढून घेतला, त्या जागी साडीचा तुकडा लावला. चोरीच ती. पण तिचं मला फारसं काही वाटत नाही, खरंच सांगते. पांघरुणात झिजून त्याचा भुगा झाला असता, माझ्याकडे तो काचेआड शाबूत आहे — असं मी स्वतःला सांगते. राहू दे ते.

सांगायचं ते पुढेच आहे. एवढा वेळ आई काय, फेजोआ काय, ते उगाच नाही. खरं सांगायचं तेच तोंडातून निघत नाहीये.

साडीच्या तुकड्याखाली मी लाल दोऱ्याची गाठ मारली. नवी. आजीच्या गाठीच्या नेमक्या जागी, जोनच्या अंगठ्याला लागावी म्हणून. डोळे मिटून, स्वतःचा अंगठा फिरवून बघितला. बारीक वाटली, तेव्हा उसवून पुन्हा मारली.

गोधडी परत नेली तेव्हा जोनने ती मांडीवर पसरली, चाचपत कोपरा शोधला. अंगठा थांबला.

"तो आहे ना गं इथे, आत?" तिने विचारलं. बोलली इंग्रजीतच, पण मला असंच ऐकू आलं.

"आहे," मी म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात जोन गेली. तिच्या मुलीने शवपेटीत तीच गोधडी तिच्या अंगावर घातली आणि कोपरा हाताखाली सरकवला. मग सगळ्यांसमोर माझे आभार मानले — या बाईने स्वतःच्या आईची साडी कापून माझ्या आईची गोधडी जोडली. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान लववली. नंतर चहा घेतला, सँडविच खाल्लं.

पेटी तोवर उघडी होती. पिचर पर्समध्ये मावला असता, हळूच आत सरकवता आला असता, कुणाला कळलंही नसतं. घरून निघताना मी फ्रेमसमोर उभी राहिले होते. हात वरही केला होता. आणि तशीच निघाले.

फ्रेम मी उतरवणार नाही. संघ पुरा आहे आणि मला तो आवडतो, रोज बघते मी त्याच्याकडे. पिचरच्या टोपीवर जोनच्या आजीची गाठ आहे, काचेखाली. जोनच्या अंगठ्याखाली माझी आहे.