'लेफ्ट'ची दोन माहेरं

इंग्रजी शब्दांवर माझ्या मावससासूबाईंनी जितकी माया केली, तितकी खुद्द इंग्रजांनीही केली नसेल. नागपूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन मुलाकडे अमेरिकेत सांता क्लाराला राहायला आल्या, तेव्हा आपण परक्या देशात आलो असं त्यांना मुळी वाटलंच नाही. ज्यांच्या लेकीबाळी आयुष्यभर सांभाळल्या, त्यांच्याच घरी चार दिवस हक्कानं राहायला यावं, तशा त्या आल्या. शब्द म्हणजे त्यांच्या लेखी माणसंच. प्रत्येक शब्दाला माहेर असतं, तो कुणाच्या तरी घरून निघून इंग्रजीत नांदायला आलेला असतो, आणि माहेर कळल्याशिवाय सुनेचा स्वभाव कळत नाही, हा त्यांचा सिद्धांत. 'सॅलरी'चं माहेर मिठाचं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून दिवाळीच्या फराळाला बसलो की सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय जावईबापू, यंदा मीठ वाढलं का?" नातू शाळेतून येऊन "आजी, आय ॲम स्टार्व्हिंग" म्हणाला की हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर यायच्या. "शुभ बोल रे! स्टार्व्ह म्हणजे पूर्वी मरणं. मेलेला मुलगा बोलतो कसा?" दवाखान्यात तासभर ताटकळल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना शांतपणे सांगितलं होतं, की 'पेशंट' म्हणजे सोसणारा, तर माझं सोसून झालंय, आता तुम्ही काय ते तपासा.

मावशींच्या नवऱ्याबद्दल मात्र कुणी बोलत नसे. लग्न ठरलं तेव्हाच माझ्या बायकोनं मला बजावलं होतं, "मावशीच्या मिस्टरांविषयी विचारायचं नाही." मीही विचारलं नाही. मावशींच्या कपाळाला टिकली होती, गळ्यात बारीकसं मंगळसूत्र होतं आणि घरात एकही फोटो नव्हता. यातून ज्यानं त्यानं काय समजायचं ते समजावं.

त्यांच्या घराजवळच्या बागेत सकाळी चिनी आजी-आजोबांचा मेळा जमायचा. सगळे नातवंडं सांभाळायला आलेले, डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या, हातात गरम पाण्याचे थर्मास. त्यातल्या लिनबाई एकदा मावशींच्या बाकावर येऊन बसल्या आणि हसून म्हणाल्या, "आय नो इंग्लिश." मावशींना वाटलं, हिला इंग्रजी येतं. त्यांनी आनंदानं हवामानापासून सुरुवात करून संयुक्त वाक्यांपर्यंत मजल मारली. लिनबाई शेवटपर्यंत हसत मान डोलवत राहिल्या आणि मग पुन्हा म्हणाल्या, "आय. नो. इंग्लिश." तेव्हा कुठे उलगडा झाला, की हा 'नो' नकाराचा. दुसऱ्या माणसानं तोंड चुकवलं असतं. मावशींनी त्याच दिवशी घरी जाऊन नातवाचा पांढरा फळा ताब्यात घेतला.

अशी ती शनिवारची शाळा सुरू झाली. दर शनिवारी एकच शब्द. विद्यार्थी सहा-सात, सगळे सत्तरीचे. मावशींना फळ्यासकट गाडीतून बागेत पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण त्यांचा मुलगा मंदार शनिवारीही लॅपटॉपला चिकटलेला असे. माझी लेक झोपाळ्यावर खेळायची आणि मी शेजारच्या बाकावर कॉफी घेऊन वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा बसायचो.

त्या शनिवारी मावशींनी फळ्यावर 'लेफ्ट' लिहिलं.

"टर्न लेफ्ट!" टोपीवाले एक आजोबा ताडकन ओरडले. गाडीतल्या नकाशातली बाई त्यांच्या मुलाला दिवसभर हेच सांगत असते, ते त्यांना पाठ होतं.

"शाब्बास," मावशी मराठीतच म्हणाल्या. मग इंग्रजीत सावकाश सांगू लागल्या, की हा झाला डावा लेफ्ट. याच्या माहेरी याचा अर्थ होता दुबळा, निकामी. डाव्या हाताला बिचाऱ्याला कुणी कामाचं समजत नसत, म्हणून हे नाव चिकटलं. आजोबांनी आपल्या डाव्या हाताकडे सहानुभूतीनं पाहिलं. "पण लेफ्ट नावाची दुसरीही एक बाई आहे," मावशी पुढे म्हणाल्या. "नाव तेच, माहेर वेगळं. ही 'लीव्ह'ची लेक." समोरून बस गेली. त्यांनी बोट केलं. "द बस लेफ्ट." मग पिशवीतून ग्लुकोज बिस्किटं काढली, सगळ्यांना वाटली, आणि पुडा उंच धरला. "वन बिस्किट इज लेफ्ट."

लिनबाईंच्या कपाळाला आठी पडली. "बस लेफ्ट, बस गो?"

"यस."

"बिस्किट लेफ्ट, बिस्किट गो?"

"नो, नो. बिस्किट स्टे."

"गो, लेफ्ट. स्टे, लेफ्ट." लिनबाईंना हा उघडउघड अन्याय वाटला. "चायनीज, गो वन वर्ड. स्टे वन वर्ड. इंग्लिश लेझी!"

सगळे हसले. मावशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी समजावलं, की या लेफ्टच्या माहेरी जाण्याचा अर्थ नव्हताच. मागे ठेवणं, राहू देणं, एवढाच अर्थ होता. जाणारा नंतर आला. आधी होता तो मागे राहिलेला.

लिनबाई विचारात पडल्या. त्यांनी एक-दोनदा ओठ हलवून वाक्य जुळवलं, आणि नव्या शब्दाचा पहिलाच प्रयोग म्हणून अगदी निर्मळ मनानं मावशींना विचारलं, "टीचर, युवर हजबंड लेफ्ट? बस लेफ्ट, ऑर बिस्किट लेफ्ट?"

माझ्या हातातली कॉफी हातातच राहिली. आमच्या अख्ख्या कुटुंबानं इतकी वर्षं जो उंबरठा ओलांडला नव्हता, तो लिनबाई बिस्किट खात ओलांडून गेल्या होत्या.

मावशींनी फळ्यावरच्या शब्दावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "हजबंड, बस लेफ्ट." आणि आपल्या छातीवर हात ठेवून, "मी... आय, बिस्किट लेफ्ट."

लिनबाईंनी थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी मावशींपुढे धरलं.

परत येताना गाडीत मावशी आपणहून बोलल्या. "मंदार चार वर्षांचा होता. जबलपूरला बदली झाली म्हणून गेले. तिकडे दुसरं घर मांडलं, हे मला वर्षभरानं कळलं, तेही शाळेतल्या शिपायाकडून." मी गाडी हळू केली. "तुम्हाला गंमत सांगू का जावईबापू, इंग्रजीत हे सांगताना काहीच लागलं नाही. बस जाते, नवरा जातो. मराठीत मला काय म्हणायचे ठाऊक आहे? टाकलेली. टाकतात काय? शिळं अन्न टाकतात. त्या एका शब्दापायी मी कधी कुणाला काही सांगितलं नाही बघा."

घर आलं तेव्हा त्या उतरल्या, फळा काखेत मारला आणि मंदारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज वर्ग छान झाला."

पुढचा हिवाळा सरता सरता नागपूरहून फोन आला. मंदारचे वडील जबलपूरला वारले होते, तेही महिन्यापूर्वी. कळवावं असं कुणाला वाटलं नव्हतं, कुणाच्या तरी बोलण्यात आलं म्हणून समजलं. मंदार म्हणाला, "माझ्यासाठी तो माणूस कधी नव्हताच," आणि मीटिंगला निघून गेला. माझ्या सासूबाईंनी फोनवर रडत रडत बहिणीला टिकलीचं विचारलं. आता काय करणार, म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "ताई, लावत होते तेव्हा ती कुणासाठी होती ते आधी सांग, मग काढायचं बघू." आणि फोन ठेवला. मग मात्र त्या खोलीत गेल्या आणि बाहेर येईनात. जेवणाचं ताट तसंच परत येऊ लागलं. शब्दांवर कुणी काही विचारलं तरी उत्तर मिळेना. नातू मुद्दाम दारापाशी जाऊन "आजी, आय ॲम स्टार्व्हिंग" म्हणून आला, तरी आतून आवाज आला नाही.

शनिवारी वर्ग भरला नाही, तेव्हा लिनबाई नातवाची बाबागाडी ढकलत घर शोधत आल्या. मी मावशींची चौकशी करायला आलो होतो, दार मीच उघडलं. "टीचर सिक?" मी म्हटलं, नाही, त्यांचे मिस्टर गेले. लिनबाईंनी क्षणभर विचार केला. "बस हजबंड?" मी मान हलवली. त्यांनी चपला काढल्या, थर्मास उचलला आणि सरळ मावशींच्या खोलीत गेल्या. थर्मासात तांदळाची पातळ पेज होती. थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. इतकी वर्षं ओळखत असून मावशींना रडताना मी ऐकलं नव्हतं. लहान मूल रडतं तसं, श्वास लागून, थांबून पुन्हा. मधूनमधून लिनबाई चिनीत काहीतरी बोलत होत्या. त्यातलं मावशींना काही कळत नव्हतं आणि लिनबाईंनाही ते कळवायचं नव्हतं.

संध्याकाळी मावशी बाहेर आल्या. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. "जावईबापू, उद्या मला समुद्रावर न्याल का? तिकडे त्यांनी सगळं केलंच असेल. मला आपलं माझं करायचंय."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मावशींनी लिनबाईंनाही बोलावलं होतं. मंदार गॅरेजमध्ये उगाचच सायकलच्या चाकात हवा भरत उभा होता. तो आला नाही. पण गाडी मागे घेताना धावत आला, काचेवर टकटक केलं आणि स्वतःचं जाड जॅकेट आईच्या मांडीवर ठेवलं. "तिकडे वारा असतो," एवढंच म्हणाला.

डोंगरातली वळणं उतरून आम्ही सांता क्रूझला पोचलो. ओहोटी होती. मावशींनी मंदारचं जॅकेट चढवलं, बाह्या पुरत्या बोटांपलीकडे आलेल्या, साडी वर खोचली आणि थंडगार पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. हातात तिळाची डबी होती. मी त्यांचं कोपर धरलं होतं. लिनबाई मागे वाळूवर उभ्या होत्या.

"बायकांनी द्यायचं नसतं म्हणतात," मावशी म्हणाल्या. "पण माझ्या बाजूनं देणारं दुसरं आहे कोण?"

ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडलं. मंत्र त्यांना येत नव्हते आणि मलाही येत नव्हते. लाट आली, तीळ घेऊन गेली. मला वाटलं, झालं. पण त्या हलल्या नाहीत.

"आपल्याकडे जाताना कुणी 'जातो' म्हणत नाही," त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या. "'येतो' म्हणतात. तेही तसंच म्हणून गेले हो. मंदारच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'येतो मी.' मला भाषा शिकवायची एवढी हौस, आणि त्या एका शब्दाला मी उभा जन्म खरं धरून बसले."

मग त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. नुसतं नाव, आडनाव नाही, 'अहो' नाही. हळूच, थोडं चाचरत, वर्गात पहिल्यांदाच उभं केलेल्या मुलीसारखं. ते नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "जा हं."

परत वाळूवर आलो तेव्हा त्यांची पावलं थंडीनं निळी पडली होती. लिनबाई ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसल्या, गळ्यातला मफलर काढला आणि मावशींचे पाय एक एक करून पुसू लागल्या. मावशी लाजून पाय मागे घेत होत्या, लिनबाई सोडत नव्हत्या. मी पुढे जाऊन गाडी सुरू केली आणि हीटर लावून दोघींची वाट पाहत बसलो. त्यांना यायला बराच वेळ लागला.