चरबीचं बाळंतपण

डहाणूकडच्या झाई गावात, चिकूच्या वाडीत राहून गोड सोडायचं, हे बकुळाबाईंना काही जमलं नाही. सात वर्षं मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांच्या आईची, जमनाबाईंची, नजर याच दुखण्यात गेली होती आणि तेव्हापासून त्या लेकीकडेच राहत होत्या. आपलेही डोळे असेच जातील, या भीतीने बकुळाबाई आतून पोखरल्या होत्या. मग २०१६ साली त्यांनी स्वतःच निकाल लावला: साखर येते चरबीमुळे, चरबी साठते पोटात, तर पोटच काढून टाकू!

वापीच्या सर्जनने बजावलं होतं, "पोटाचा आकार बदलेल. साखर त्याने उतरेल असं धरू नका. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि रोज चालायचं." बाईंनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. चार लिटर चरबी काढून, पोटाला घट्ट पट्टा बांधून त्या घरी आल्या.

इथे थोरल्या जाऊबाई, जिजावैनी, पुढे सरसावल्या. बांधलेलं पोट त्यांनी जन्मात एकाच कारणासाठी पाहिलेलं. "ही तर ओली बाळंतीणच गो! सव्वा महिना खाटेवरून उठायचं नाय." डिंकाचे लाडू आले, अळिवाची खीर आली, वरून तुपाची धार. बकुळाबाईंचे यजमान काशीनाथ म्हणाले, "वैनी, बाळ कुठाय?" त्यांनाही एक लाडू देऊन गप्प करण्यात आलं. खरं सांगायचं तर बकुळाबाईंना हे कौतुक आवडलं. चरबीच गेली, आता साखर कसली, म्हणून त्यांनी गोळ्याही सोडल्या.

पाच महिन्यांनी पोट सपाट होतं, पण ब्लाऊजच्या बाह्या दंडावर चढेनात. डहाणूच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर पूर्वीपेक्षा जास्त! ते शांतपणे म्हणाले, "काढली ती कातडीखालची चरबी. यकृतातली, आतड्यांभोवतीची जागेवरच आहे आणि साखर जास्त बिघडवते ती तीच. जास्तीचं खाल्लंत, ते पोटावर जागा कमी मिळाली म्हणून दंडावर, पाठीवर बसलं." त्यांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

घरी येऊन बकुळाबाई आईच्या खाटेशी बसून ढसाढसा रडल्या. "आई, एवढं सोसलं, तरी मी पण आंधळीच होणार."

जमनाबाईंनी चाचपत लेकीचा हात धरला आणि आपल्या मनगटाभोवती ठेवला. ते मनगट दोन बोटांत मावत होतं.

"मी कधी जाडी होते गो?" त्या म्हणाल्या. "पोट नव्हतं, तरी साखर आली. गोळ्या दिल्या होत्या मला. जरा बरं वाटलं की मी सोडून द्यायची. डोळे त्याने गेले."

रोज या बाईला स्वतःच्या हाताने आंघोळ घालत होत्या बकुळाबाई, आणि हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या उठल्या आणि पिशवीतली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.

"घेतलीस?" आईने विचारलं. "आता मला कुंपणापर्यंत फिरवून आण. तुझं पण चालणं होईल."