पास्कूच्या हातची गाठ

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरला शिंप्यासमोर हात पसरून उभा होतो. शिंपी माझ्या मानेभोवती टेप गुंडाळून म्हणत होता, "काका, वरचं बटण आता कोणीच लावत नाही, गळा जरा सैल ठेवू ना?" तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे मेल्विन, पास्कूचा मुलगा. "काका, पप्पा गेले. दाढी करत होते... अर्धीच झाली." आणि मग, "मम्मी विचारते, टाय कोण बांधणार?"

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. नवरा जाऊन तास झाला नाही आणि बाई टायची चौकशी करते. पण वसईतल्या आमच्या ख्रिस्ती आळीत माणूस गेला की त्याला सूट घालून, बूट चढवून, टाय बांधून पेटीत ठेवतात. लग्नाला निघाला होता तसाच तो सिमेत्रीला, म्हणजे दफनभूमीला, निघतो. आणि माझे केस काळे होते तेव्हापासून आळीतल्या प्रत्येक नवरदेवाला आणि प्रत्येक मयताला टाय बांधला तो पास्कूने. दुसऱ्या कोणाला येत नव्हता, कारण पास्कू असताना शिकायची गरजच कोणाला पडली नव्हती. आता तोच निघाला होता. आणि पंचाईत एवढ्यावर थांबत नव्हती. "पास्कू, तुझा टाय मी बांधीन" असा शब्द त्याला मीच दिला होता. माझ्या बुटाची नाडी आजही माझी बायको फिलू बांधते.

पास्कू आणि मी शाळेत एका बाकावर. पुढे मी पालिकेत चिकटलो आणि तो मुंबईला फोर्टात एका जहाजकंपनीत कारकून झाला. पहिल्या दिवशी उघड्या गळ्याने गेला, तर साहेबाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणे विचारलं, "बाकीचा माणूस घरी राहिला काय?" तिथल्या एका म्हाताऱ्या पारशी हेडक्लार्कने त्याला आरशासमोर उभं करून गाठ शिकवली. तो पहिल्यांदा टाय लावून आळीत शिरला तेव्हा आमची कुत्री भुंकली नाहीत, अदबीने रस्त्याच्या कडेला झाली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने कुत्र्यांना विचारावं. पास्कूचा बाप केळीच्या वाडीत पाणी लावत होता. तो कुदळ टेकवून म्हणाला, "गायीचं दावं गळ्यात घालून खय निघालास रे?" पास्कू म्हणाला, "बाबा, दाव्याचं दुसरं टोक साहेबाकडे हाय. म्हनून तर घरात चूल पेटते."

मग लग्नांची बोलावणी सुरू झाली. तेव्हा आमच्याकडे सुटाबुटाशिवाय लग्न म्हणजे पावाशिवाय नाश्ता. भर मे महिन्यात, घामाने अंगाचं सार होत असताना, नवरदेव लोकरी सूट घालून देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्या चढायचे. सकाळी पास्कू नवऱ्याच्या घरी हजर. पण त्याची एक गोची होती. त्याला दुसऱ्याच्या गळ्यात गाठ मारता येत नसे. समोर उभा राहिला की त्याचं डावं-उजवं उलटं व्हायचं. म्हणून तो नवऱ्याचा टाय आधी स्वतःच्या गळ्यात घालून बांधायचा, मग सैल करून डोक्यावरून काढायचा आणि हार घालावा तसा नवऱ्याला घालायचा. त्यामुळे आळीतला प्रत्येक नवरा देवळात गेला तो पास्कूच्या गळ्याची ऊब आणि त्याच्या पावडरीचा वास घेऊन. एका वरातीत नवरदेव घोड्यावरून थेट ओहोळात पडला. सूट फाटला, बूट वाहून नायगावच्या खाडीला लागला, नवरी रुसून माहेरी निघाली, पण गाठ जागची हलली नाही. म्हणे ती गाठ बघूनच नवरी परत फिरली. या गोष्टीतला ओहोळ तरी खरा आहे.

मयताचंही तसंच. तोही टाय आधी पास्कूच्या गळ्यात. म्हाताऱ्या बाया कुरकुरायच्या, "मेल्याचा टाय सोताच्या गळ्यात घालतो, काय म्हनावं ह्याला?" पास्कू म्हणायचा, "मावशे, जित्याचा चालतो तर मेल्याचा का नाय? गळा तो गळाच." मग तो पेटीशी गुडघ्यावर बसायचा, झोपलेलं मूल उचलावं तसं ते डोकं तळहातावर घ्यायचा, टाय डोक्यावरून आत सरकवायचा आणि कॉलर नीट करायचा. तेवढा वेळ रोझरी म्हणणाऱ्या बायाही थांबायच्या. त्याने हात काढला की घरच्या माणसांना वाटायचं, झाली आता आपल्या माणसाची तयारी... आता न्यायला हरकत नाही. पास्कू उठायचा. बाहेर जाऊन हात धुवायचा आणि मागल्या बाकावर जाऊन बसायचा.

काळ असा गपचूप कपडे बदलतो की कळत नाही. आधी साहेबांनी कोट टाकले, मग पंखे जाऊन एसी आले तरी टाय गेले. पास्कूच्या ऑफिसात नवा मॅनेजर आला, मेल्विनच्या वयाचा, टीशर्ट घालणारा. तो प्रेमानेच म्हणाला, "अंकल, टाय की जरूरत नहीं. क्लायंट को लगता है आप ही बॉस हो." सगळे हसले, पास्कूही हसला. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा टाय गुंडाळून पँटच्या खिशात होता. त्याची बायको मार्था सांगते, पाणी दिलं तर त्याने आधी गळ्याला हात लावला आणि मग ग्लास घेतला. पुढे रिटायर होईपर्यंत तो टाय लावूनच गेला, पण आता आळीच्या टोकाला वळल्यावर लावायचा आणि परत येताना तिथेच काढायचा. आम्ही सगळे बघायचो, आणि सगळ्यांनी मिळून न बघितल्यासारखं केलं.

गेल्या वर्षी नायगावच्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या आमच्याच एका भाच्याचं लग्न होतं. बोलावणं आलं नव्हतं, पण पास्कूला वाटलं, असल्या कामाला बोलावणं कसलं? दाढी करून, पावडर लावून सकाळीच गेला. मला सोबत नेलं. लिफ्टमध्ये तीनदा कॉलर चाचपली. वर गेलो तर नवरदेव गळाबंद जोधपुरी घालून फोटो काढत उभा. "अरे पास्कूमामा, या ना. टाय नाही आज, हे डिझायनरने दिलंय." पास्कू म्हणाला, "झकास दिसतोस." त्याच्या खांद्यावरचा नसलेला धागा झटकला, सरबत घेतलं आणि आम्ही खाली आलो. पास्कूने रिक्षाला हात केला. मग म्हणाला, "बावतीस, माझं गिऱ्हाईक आता फक्त मेलेलं. जित्या मानसाला मोकळा गळा पायजे."

मी म्हटलं, "बरं आहे की, मेलेलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही."

"ते खरं. पन माझं कोन करील?"

आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या की एखादी आणखी मारताना जीभ अडखळत नाही. "मी करीन," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि रिक्षातून उतरल्याबरोबर मला थेट त्याच्या घरी आरशासमोर उभं केलं. "हे रुंद टोक खाली. आता वरून घे. वरून म्हनजे वरून, बावतीस, चिंचोटी गावाला वळसा घालून नाय." मी घेतलं, वळवलं, ओढलं, आणि गाठीत माझंच बोट अडकलं. मार्थावहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या. पास्कूने बोट सोडवलं आणि म्हणाला, "तू बांधलास तर मी पेटीतून उठून सोडीन." पण शब्द परत केला नाही. मीही मागितला नाही.

तर असा मी त्या दिवशी त्याच्या दारात पोचलो. पास्कू हॉलमध्ये होता, सूट चढवलेला, गळा उघडा. उरलेली अर्धी दाढी मेल्विनने केली होती, हनुवटीला एक लहानसा काप होता. उशाशी पास्कूचा आवडता निळा टाय नुसता लांब पडलेला. आरामखुर्ची सोडून उठायचं नाही असं मार्थावहिनींना सगळ्या बाया सांगत होत्या, आणि त्या उठून पुन्हा पुन्हा त्या टायची सुरकुती काढत होत्या. मेल्विन मालाडला कॉम्प्युटर कंपनीत, त्याच्या गळ्यात आजवर आयकार्डाच्या पट्टीशिवाय काही गेलेलं नाही. त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि पास्कूच्याच पद्धतीने स्वतःच्या गळ्यात बांधायला लागला. पहिल्यांदा समोसा झाला, दुसऱ्यांदा जिलबी. तिसऱ्यांदा त्याचे डोळे भरले आणि त्याला स्क्रीनच दिसेना. मग मी घेतला. माझं जे झालं त्याला खायच्या पदार्थात नाव नाही. मी पास्कूकडे बघितलं. खरंच सांगतो, त्या क्षणी तो उठून गाठ सोडायला आला असता तर मी घाबरलो नसतो.

बाहेर फादर आले होते, पेटीचं झाकण भिंतीला लावून ठेवलेलं. कोणीतरी शाळेतल्या नातवाचा इलास्टिकचा टाय पुढे केला. मार्थावहिनी त्या सबंध दिवसात पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या. "इलास्टिक लावून नाय धाडनार मी त्यांना. ते काय शाळेत चालले?"

तेव्हा गर्दीतून काठी टेकत समोरच्या घरातला इनास आला. आमच्यापेक्षा मोठा, आळीतला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याच्या हातावर एक जुना टाय लटकत होता, आणि त्याला गाठ मारलेली होती. "माझ्या लग्नातला," तो म्हणाला. "पास्कूने बांधलेला. तशीच ठेवलीय. सोडली तर परत कोन मारनार?"

मग सगळ्यांच्याच ध्यानात आलं. आम्ही कोणीच ती कधी सोडली नव्हती. लग्न झालं की गाठ सैल करायची, डोक्यावरून काढायची आणि टाय कपाटात टांगायचा, पुढल्या लग्नाला तोच वर ओढायला. आळीत गाठ रोज सोडणारा माणूस एकच, तो म्हणजे पास्कू. म्हणून त्याच्या घरात तेवढी त्याची गाठ नव्हती. बाया उठून आपापल्या घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा प्रत्येकीच्या हातात टाय होता. चट्ट्यापट्ट्यांचे, ठिपक्यांचे, एकावर तर लग्नातल्या केकचा डाग. मार्थावहिनींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि फिलूपाशी थांबल्या. फिलूच्या हातात माझा होता, केळीच्या पानाएवढा रुंद, मरून रंगाचा. त्या काळची फॅशन.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बोलला होता ना त्यांना? मग तुमचाच द्या."

मी गुडघ्यावर बसलो. त्याचं डोकं तळहातावर घेतलं. माणसाचं डोकं एवढं जड असतं हे पास्कूने कधी सांगितलं नव्हतं... टाय आत गेला. माझ्या लग्नाच्या सकाळी तो याच गळ्यात बांधला होता. मी खालचं टोक धरून ओढलं. गाठ वर सरकली आणि कॉलरच्या बटणाशी आपोआप थांबली. मी मोठ्याने रडलो, आणि मी किती मोठ्याने रडू शकतो याबद्दल मला अतिशयोक्ती करायची गरज नाही.

परवा त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, झाली. देवळातून बाहेर पडल्यावर मेल्विन माझ्याबरोबर चालत राहिला. नाताळ झाला की त्याचं लग्न आहे. उघड्या गळ्याचा सूट शिवायला दिला होता, तो त्याने आता बदलायला सांगितलाय. "व्हिडिओवाली गाठ जमते आता काका," तो म्हणाला. "पण ती पप्पांची नाही. पप्पांची वेगळी बसायची. कोणाची तरी उघडून बघितली तर कळेल." कोणाला म्हणायचं, तुमच्या घरातला पास्कू सोडून द्या म्हणून?

आम्ही इनासकडे गेलो. तो नुसता गंजीफ्रॉक घालून ओट्यावर बसला होता. ऐकून घेतलं, आम्हाला आत नेलं, कपाट उघडलं आणि टाय मेल्विनच्या हातात ठेवला. "सोड," म्हणाला.

"इनासकाका, मग तुमच्या वेळेला?"

"माझ्या वेळेला तू हायस."

मेल्विनने एकेक वेढा सोडला. इतकी वर्षं बाहेर राहिलेलं कापड फिकट पडलं होतं, आणि जे गाठीच्या आत होतं ते अजून नव्यासारखं गडद निळं. टाय सरळ झाला तरी त्याच्यावर पास्कूच्या बोटांचा सगळा रस्ता उमटलेला होता. फिकं तिथे बाहेर, गडद तिथे आत. मेल्विन कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला, टाय गळ्यात घातला आणि घडीवर घडी ठेवत गेला. एकदाही मोबाईल काढला नाही. मी तोंड बंद ठेवलं, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे.

गाठ बसली. मेल्विनने आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "डावीकडे कलतेय."

इनास जवळ आला. डोळे बारीक करून त्याने बराच वेळ बघितलं.

"तुझ्या बापाची पन कललेली," तो म्हणाला. "माझ्या लग्नात. त्याची पहिलीच होती ना."

मेल्विनची बोटं ती सरळ करायला वर गेली होती. तशीच खाली आली.