सीनूच्या गुडघ्याचे पाठीराखे

दर रविवारी चार माणसं एका जागी उन्हात बसायला लागली, की दुसरं काही जमो न जमो, किस्से जमतात. आम्ही तर चांगले तीस-चाळीस जण बसतो, तेही सोलापूरच्या उन्हात! फुटबॉलच्या मैदानावर एका गोलपोस्टमागं दगडी पायऱ्या आहेत, तिथं. घरचे विचारतात, "एवढं काय असतं गं तिथं?" आमची टीम हरत असते, दुसरं काय!

पण गेल्या सीझनचे सगळे किस्से एकाच गुडघ्याभोवती साठलेत. सीनूच्या डाव्या गुडघ्याभोवती. सीनू म्हणजे आमचा सात नंबर, पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि हा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. नकाशात कर्नाटक कुठल्या बाजूला, हे त्याला दहावीपर्यंत सांगता आलं नाही. पण डाव्या पायानं मारलेला बॉल कुठल्या कोपऱ्यात जाणार, हे त्याला वर न बघताही कळायचं.

सीझनच्या सुरुवातीच्या एका स्पर्धेत, सेमीफायनलला तो बॉल घेऊन वळला, कुणी त्याला हातही लावला नव्हता, आणि मटकन खाली बसला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं! ऑपरेशन, मग कित्येक महिने व्यायाम, आणि एवढं करून परत खेळेल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. पायऱ्यांवर मात्र त्याच संध्याकाळी ठरलं, की हा पोरगा परत खेळणार. त्याला कुणी विचारलं नव्हतं, ते सोडा.

* * *

हॉस्पिटलात एका वेळी दोघांनाच आत सोडत होते. आम्ही पंचवीस जण. मग बिराप्पानं तोडगा काढला. बिराप्पा दुधनीकडचा, घरची शेळ्या-मेंढरं, आणि मॅच असली की पहिल्या एसटीनं हजर. तो म्हणाला, "आत कशाला जायचं? खाली हुबं राहू की! वरची ती खिडकी, तीच सीनूची."

आम्ही आवारात उभं राहून टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू केलं, "सी-नू! सी-नू!" वॉचमन हातापाया पडला, तरी थांबलो नाही. शेवटी खिडकी उघडली. एक पांढऱ्या मिशांचे आजोबा बाहेर डोकावले, हात जोडले आणि डोळे पुसायला लागले! सीनूची खिडकी इमारतीच्या पलीकडच्या अंगाला होती.

आम्ही खाली मान घालून निघालो, तर आजोबांची सून धावत खाली आली. म्हणाली, "तुमचं लई उपकार झालं बगा. मामंजी ऑपरेशनला न्हाय म्हणून अडून बसले हुते. आता म्हणतेत, येवडी माणसं आपल्यासाठी आल्यावर न्हाय कसं म्हनू?"

"चांगलं झालं की," मी म्हणाले.

"व्हय, पन त्यो सीनू कोन, येवडं इचारून ये म्हणालेत!"

* * *

नागेश सीनूचा शेजारी, त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. टॉवेलवर नाव, फोटो, लग्नाची तारीख, काय सांगाल ते विणून देतो. त्यानं सीनूचं चित्र विणलं. मांडीवर बॉल घेऊन बसलेला सीनू, डाव्या गुडघ्याला पांढरं बँडेज. पुढच्या मॅचला पायऱ्यांवर प्रत्येकाच्या हातात एक टॉवेल! मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी टॉवेल डोक्यावर ताणून धरले, फोटो काढला, सीनूला पाठवला.

पाचव्या मिनिटाला त्याचा मला फोन. "बाई, माझं ऑपरेशन एकाच पायाचं झालंय ना? का दुसऱ्याचं मला कुणी सांगितलं नाय?"

फोटो नीट बघितला. तो टॉवेल जॅकार्डचा, चित्र दोन्ही बाजूंनी उठतं, फक्त मागच्या बाजूला ते आरशातल्यासारखं उलटं. निम्म्या लोकांनी टॉवेल उलटा धरला होता! त्यामुळं निम्म्या सीनूंचा डावा पाय मोडलेला आणि निम्म्यांचा उजवा.

सगळे नागेशवर तुटून पडले. त्याला ढिम्म फरक पडला नाही. "सोलापुरी माल हाय की! दोन्ही बाजूनं वापरायचा असतो!"

* * *

मग ठरलं, की प्रत्येक मॅचच्या सातव्या मिनिटाला सगळ्यांनी उभं राहायचं आणि एक मिनिटभर सीनूसाठी टाळ्या वाजवायच्या. सात नंबर म्हणून सातवं मिनिट. आपल्या टीमचं काहीही होवो, टाळी थांबवायची नाही. हा नियम माझाच, आणि नियम म्हटला की मी शाळेतलीच बाई होते.

तिसऱ्याच मॅचला, बरोबर सातव्या मिनिटाला, समोरच्या टीमनं आमच्यावर गोल केला. आम्ही उभे, टाळ्या कडकडून चालू! आमचा गोलकीपर जाळीतून बॉल काढता काढता आमच्याकडं असा बघत होता, की मला अजून आठवतं. पण नियम म्हणजे नियम. मिनिट संपेपर्यंत एकानंही हात खाली घेतला नाही.

मॅचनंतर समोरचा कॅप्टन पायऱ्यांपाशी आला. लातूरकडची टीम होती. छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, लई गावं खेळलो, पण विरुद्ध टीमच्या गोलला उठून टाळ्या देणारं पब्लिक हितंच बघितलं!"

बिराप्पा म्हणाला, "आमच्याकडं पद्धतच हाय तशी."

* * *

मैदानाच्या गेटवर चाचांचा चहाचा गाडा आहे. चाचांचा टाळ्या-बिळ्यांवर विश्वास नाही. त्यांचा विश्वास पाया सूपवर, म्हणजे बकऱ्याच्या पायांच्या रश्श्यावर. दर शुक्रवारी डबा सीनूच्या घरी. त्यात बिराप्पा शेळीचं दूध आणायचा. सीनूची आई शेंगाची चटणी आणि भाकरी घेऊन बसायचीच. सीनू नको म्हणाला की चाचा डबा उघडून समोर बसायचे, "नक्को बोलनेका नै. पैले पी ले, फिर गोल मार."

दोन महिन्यांनी फिजिओथेरपिस्टनं चाचांना बोलावून घेतलं. "चाचा, मी गुडघ्याला ताकद आणायला सांगितलं होतं. पोटाला नव्हे!"

चाचा म्हणाले, "तुम घुटना देखो, डॉक्टर. बाकी का मैं देखता हूँ."

* * *

गुडघा बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आता खेळायला हरकत नाही. आणि इथंच सगळं अडलं.

सीनू मैदानावर यायचा, पळायचा, पण बॉल पुढ्यात आला की उजव्या पायानं ढकलून द्यायचा. डावा पाय बॉलला लावायचाच नाही. आम्ही पायऱ्यांवरून ओरडायचो, टाळ्या वाजवायचो, टॉवेल फिरवायचो, आणि तो आणखी आखडायचा. एक दिवस तो आलाच नाही. मी घरी गेले, तर बूट वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेले.

"बाई, बास करा आता," तो म्हणाला. "पाय उचलला की मला तो वळलेला गुडघा आठवतो. तुमी सगळे माझ्याकडं बघत असता. चुकलो तर तुमची तोंडं बघायची हिंमत नाय माझ्यात."

एवढे महिने आम्ही ज्याला आधार समजत होतो, त्याचं याला ओझं झालं होतं. पण पोरगं घरात बसून राहणार, हेही मला मान्य नव्हतं. मी म्हणाले, "भीती वाटते ना? वाटू दे. पण मैदानावर येऊन घाबर. घरात बसून नाही."

त्यानं कपाटावरचे बूट खाली काढले. मग म्हणाला, "रविवारी सकाळी येतो. मी अन् कोच, बस. कुणी बघायचं नाय. एक जण जरी बघताना दिसला, तर बूट काढून घरी. परत नाव काढायचं नाय."

* * *

मी पायऱ्यांवर सगळ्यांना बजावून सांगितलं. चाचांनी मान डोलावली. नागेशही हो म्हणाला. बिराप्पा तेवढा विचारात पडला. "बाई, बघायचं न्हाय म्हणला. यायचं न्हाय, असं म्हणला का?"

रविवारी उजाडताना सीनू बूट हातात घेऊन गेटातून आत आला आणि जागच्या जागी थांबला. गोलपोस्टमागं आम्ही तीस-चाळीस जण एका ओळीत उभे होतो. सगळ्यांची तोंडं पायऱ्यांमागच्या कंपाउंडच्या भिंतीकडं, पाठ मैदानाकडं. चाचांनी गाडा लावलाच नव्हता त्या दिवशी. माझा नवरा, ज्यानं जन्मात मॅच बघितली नाही, तोही भिंतीकडं तोंड करून उभा!

बराच वेळ मागून काहीच आवाज आला नाही. गेला की काय परत! वळून बघावं असं फार वाटलं, पण वळले नाही. मग बुटांच्या नाड्या आवळताना पोरं जमिनीवर पाय आपटतात, तो आवाज आला. मग पळण्याचा.

मग बॉल. टप्.

"उजवा," नागेश भिंतीला सांगितल्यासारखं पुटपुटला. सीनूच्या उजव्याचा आवाज मवाळ आणि डाव्याचा दणदणीत, हे पायऱ्यांवर सगळ्यांना पाठ होतं.

टप्. "उजवा." परत टप्. "उजवाच की बे."

चाचा डोळे मिटून उभे होते. ऊन खांद्यावर आलं. कोच एकदाच ओरडला, "मार की रे!" त्यानंतर सगळं शांत. पळत आलेली पावलं ऐकू आली, आणि ती थांबली. परत मागं गेली. परत पळत आली.

धाडकन आवाज झाला. बॉल गोलच्या दांडीवरून उडाला आणि सरळ बिराप्पाच्या पाठीत बसला. बिराप्पा दोन पावलं पुढं कोलमडला, दोन्ही हात भिंतीला टेकले, "अय्यो!" म्हणून कळवळला. पण मान वळवली नाही. तसाच, भिंतीकडं तोंड करून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला,

"डाव्या पायाचा हाय!"