थोंगबायचं चौथं चीवर

नोंगसाई गावात एक म्हण आहे : तीन नवऱ्यांची बाई आणि तीन मठांचा पुरुष, यांच्याशी सोयरीक करू नये. खम्पूनचा नवरा थोंगबाय आता चौथ्या मठाला निघाला होता. त्याच्यासाठी म्हणीत जागाच नव्हती.

पहिल्यांदा तो भिक्खू झाला तो लग्नाआधी. ते सगळेच होतात. आईला पुण्य लागतं, मुलगा जरा शहाणा होऊन परततो. थोंगबाय परतला तो शहाणपण तिकडेच ठेवून. दुसऱ्यांदा गेला तो भाताच्या लावणीत, तिसऱ्यांदा सासू अंथरुणाला खिळली तेव्हा. या माणसाला मोक्षाची ओढ नेमकी काम समोर आलं की लागायची. घरात एखादा सण असला, जेवायला डुकराचं मटण असलं, तर त्याच्या मनाला कसलीही तळमळ नसे.

आणि बोलणं काय ते! आवारातल्या चिंचेचं एक पान गळलं की हा डोळे मिटून म्हणणार, "पाहिलंस? सगळं अनित्य." त्याच आठवड्यात छपराचा पत्रा वाऱ्याने उडाला, तो मात्र त्याला दिसला नाही. मुंग्यांची रांग मोडू नये म्हणून हा वाटेत टोपली खाली ठेवून थांबायचा आणि मागून डोक्यावर भाताचा भारा घेऊन येणारी बायको तशीच उभी राहायची. मुंग्यांवर त्याची फार दया होती.

यंदाही खाचरात पाणी भरलं, रोपं उपटायला आली, आणि थोंगबाय जेवताना म्हणाला, "दुआनच्या आई, मनाला शांती नाही गं."

"शांती कशी असेल? नांगर डोळ्यांसमोर आहे ना!" खम्पून म्हणाली.

"तुला थट्टा सुचते. मला आतून हाक येतेय."

"कामाच्या दिवसांतच बरी येते. आंब्याच्या दिवसांत नाही आली कधी?"

तो क्षमाशीलपणे हसला. त्या हसण्याचाच तिला सर्वांत जास्त तिटकारा होता. शेणात पाय पडलेल्याकडे बघावं तसा तो तिच्याकडे वरून बघून हसायचा.

तरी तिने सगळं केलं. गावाची रीत होती आणि लोक जेवायला येणार होते. पहाटेपासून तिने चिकट भाताच्या टोपल्या भरल्या, मटण बारीक चिरून त्यात पुदिना आणि भाजलेल्या तांदळाची पूड कालवली, पपई किसली. मुलगी दुआन गावातच दिलेली, ती मदतीला आली होती. रोज मरे त्याला कोण रडे, तसा गावालाही आता या दीक्षेचा उत्साह राहिला नव्हता. पण फुकटचं जेवण आणि ढोल कुणाला नको असतो? अंगण भरलं.

थोंगबायचं डोकं, भुवया, सगळं भादरून झालं. अंगावर पांढरं वस्त्र आलं. दीक्षेआधी या उमेदवाराला नाग म्हणतात.

"नाग झाला बाई!" शेजारची सीदा कौतुकाने म्हणाली.

"आयत्या बिळावरचा," खम्पून म्हणाली आणि हात पुसून चटईवर येऊन बसली.

कारण आता क्षमेचा विधी होता; नागाला न्यायला गावचे मोठे भन्तेही येऊन बसले होते. मठात जाण्याआधी नागाने हातात फुलं-मेणबत्त्यांचं तबक घेऊन घरच्यांपुढे गुडघे टेकायचे आणि क्षमा मागायची. घरच्यांनी "क्षमा केली" म्हणायचं. ते शब्द आल्याशिवाय ढोल मठाकडे हलत नाही. खम्पूनने ते लग्नानंतर दोनदा म्हटले होते. मागच्या वेळी तिला वाटलं होतं, परत येईल तेव्हा तरी त्या एका गोष्टीबद्दल बोलेल. यंदा बोलण्याआधी क्षमा द्यायची नाही, असं तिने पपई किसता किसता ठरवून टाकलं होतं.

थोंगबायने घोकलेलं म्हटलं, "काया-वाचा-मनाने, कळत नकळत माझ्याकडून काही अपराध घडला असेल, तर क्षमा असावी."

"कुठला?" खम्पूनने विचारलं.

"अगं, असं नसतं विचारायचं," सीदा कुजबुजली.

"तिसऱ्यांदा देतेय. माल बघून देईन. बोला, दुआनचे बाबा. कुठला अपराध?"

लोक हसले. थोंगबाय मात्र खुलला. त्याला असं बोलायला सांगितलेलं फार आवडायचं. त्याने डोळे मिटले. नांगराखाली एक बेडूक चिरडला होता, तो त्याने सांगितला. तांबड्या मुंग्यांचं घरटं खायच्या अंड्यांसाठी जाळलं होतं. वडाच्या देवतेला न विचारता फांदी तोडली होती. म्हशीला, ती गाभण असताना, काठीने मारलं होतं. म्हशीपाशी तो चक्क रडला. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावून "साधु, साधु" म्हटलं.

खम्पून थांबली होती. तिला एकच गोष्ट ऐकायची होती. दुसऱ्यांदा तो मठात गेला त्या वर्षी तिला सातवा महिना होता. एकटीने लावणी करता करता चिखलातच तिला कळा सुरू झाल्या. मुलगा रडलाच नाही. त्याला पुरताना हेच मोठे भन्ते हजर होते. त्यांनीच रानातल्या मठात माणूस पाठवून बापाला कळवलं होतं. तो आला नाही. त्याने निरोप धाडला : जे उपजतं ते नाश पावतं, मन आवर.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि तुला कधीमधी लागेल असं बोललो असेन."

"आणि?"

थोंगबायने डोळे उघडले. तबक सावरत तो दुआनकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "कुठलं म्हणतेय गं ही?"

दुआनने तोंड फिरवलं. मोठ्या भन्तेंची मान खाली गेली.

खम्पून नवऱ्याच्या तुळतुळीत चेहऱ्याकडे बघत राहिली. तो लपवत असता, लाजत असता, तर तिने त्याच घडीला क्षमा करून टाकली असती. पण तो खरंच आठवत होता. आठवून आठवून त्याला म्हैसच सापडत होती.

"भन्ते," ती म्हणाली, "न्या यांना. जायला माझी ना नाही. बेडूक, मुंग्या आणि म्हैस, यांची क्षमाही यांना दिली. माझी नाही देत."

ढोलवाल्याने हात आवरला. सीदाने पदर तोंडावर धरला.

थोंगबाय आशेने उठून उभा राहिला. "म्हणजे," त्याने विचारलं, "परवानगी आहे ना?"