रस्सीच्या टोकाचा मुलगा

आमचं दुकान एकच, धंदे दोन. अर्ध्यात माझं शिलाई मशीन, अर्ध्यात बारीकभाऊचा कॉम्प्युटर. मध्ये भिंत नाही, त्यामुळे त्याच्या गिऱ्हाइकांची रडगाणी मला फुकटात ऐकावी लागतात. भाऊ अंगाने चांगला आडवातिडवा आहे; नाव पडलं ते कामावरून. पूर्वीच्या फोनवर मोठा व्हिडिओ चालायचाच नाही. लोक यायचे, "भाऊ, एवढं बारीक करून दे." हा फाइलचा फॉरमॅट बदलायचा, चित्र लहान करायचा, फोनमध्ये भरून द्यायचा आणि मूळ फाइल पुसून टाकायचा. त्याच्या कॉम्प्युटरला तरी जागा कुठे होती! आता फोन वाटेल ते चालवतात. भाऊ माश्या मारत बसतो आणि माझी कात्री पळवतो.

इस्त्रीवाली मावशी त्याची जुनी गिऱ्हाईक. तिचा मुलगा कारखान्यात होता. तिथे खेळांच्या दिवशी रस्सीखेच झाली, त्याचं कोणीतरी शूटिंग केलं. मुलगा रस्सीच्या टोकाला, दोर कमरेला गुंडाळून उभा. त्याची बाजू जिंकते, तो धपकन मागे पडतो आणि उठून कॅमेऱ्याकडे बघत हसतो. तेवढाच तुकडा भाऊने कापून, बारीक करून मावशीच्या बटणांच्या फोनमध्ये घातला होता. पुढच्याच वर्षी मुलगा आजारात गेला. तेव्हापासून इस्त्री तापेपर्यंत मावशी तो तुकडा बघायची.

परवा तो फोन कायमचा बंद पडला. मावशीने मोठ्या काचेचा फोन घेतला, जुनं मेमरी कार्ड त्यात घातलं, तर फाइल उघडेना. तरी ती दुकानात आली ती खुशीतच.

"भाऊ, आता मोठा दिसेल ना रे तो? माझी नजर गेलीय. तोंडच नीट दिसत नाही हल्ली."

"बसा मावशी, आत्ता करतो."

भाऊने नव्या फॉरमॅटमध्ये फाइल करून दिली. चालली. रस्सी दिसली, धूळ दिसली. मुलगा वळला, तेव्हा चेहऱ्याच्या जागी नुसते मातकट चौकोन.

"काच पूस बरं," मावशी म्हणाली.

भाऊने काच पुसली. दुसरं करणार तरी काय? मी शिवणीत जादा कापडाची माया ठेवतो, माणूस सुटला तर उसवून कपडा सैल करता येतो. भाऊच्या धंद्यात कापलं ते गेलं. त्याने शूटिंगवाल्याला फोन लावला. त्याची डिस्क कधीच भंगारात गेली होती.

"तुझ्याकडे होती ना मोठी फाइल?" मावशीने विचारलं.

"मीच पुसली, मावशी." त्याचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग त्याने चेहरा साफ करणारा एक नवा प्रोग्रॅम लावला. मी मनात म्हटलं, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण आलं की! गुळगुळीत गाल, रेखीव भुवया, एका ओळीतले दात.

मावशीने बराच वेळ पाहिलं. "छान आहे मुलगा. कोणाचा?"

मला तो कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला. भाऊने मान खाली घालून ते सगळं पुसलं. मग त्याने वेगळंच केलं. चित्र पुन्हा जुन्या फोनएवढं लहान ठेवलं आणि बाकीची काच काळी सोडली. मी माझा चष्मा काढून मावशीच्या नाकावर चढवला. काळ्याच्या मधोमध, काड्यापेटीएवढ्या जागेत, चौकोन एकमेकांत मिसळले आणि मुलगा हसला.

"हाच!" मावशी ओरडली. "हाच, हाच माझा!"

आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात, नव्या फोनवर तिला कोणीतरी शिकवलं असणार, तिने दोन बोटं त्याच्या तोंडावर ठेवली आणि फाकवली. हसू मोठं झालं आणि फुटलं. तिने बोटं घाईघाईने मिटली. तो परत आला. तिने पुन्हा फाकवली.

"भाऊ, जवळ घेतला की का रे जातो?"

भाऊने तिचा हात हळूच काचेवरून बाजूला केला.

"नका लावू हात, मावशी. एवढाच राहिलाय."